थर्मोस्टॅट बदलला, मग घराचं वेळापत्रक लिहिलं

घर गरम करणारी फर्नेस तळघरात असते, पण ती कधी पेटायची आणि कधी थांबायची हे दिवाणखान्याच्या भिंतीवर ठरतं. आमच्या भिंतीवर अनेक वर्षं जुना गोल थर्मोस्टॅट होता. चकती फिरवायची, काटा २० वर आणायचा, झालं काम. त्यात काही बिघाड नव्हता, फक्त त्याला दिवस-रात्रीचा फरक कळत नव्हता. रात्री सगळे पांघरुणात असोत की दुपारी घर रिकामं असो, फर्नेस घर २० अंशांवरच ठेवायची. झोपताना चकती खाली करायची आठवण कधी राहायची, कधी नाही. राहिली तर सगळ्यांत आधी उठणाऱ्या सासूबाईंना घर गारठलेलं मिळायचं. "रात्री हवं तेवढं कमी कर गं, माझं काही म्हणणं नाही," त्या म्हणाल्या, "पण मी उठते तेव्हा फरशीवर पाय ठेववत नाही." म्हणजे रात्री आपणहून उतरणारं आणि पहाटे आपणहून चढणारं काहीतरी हवं होतं. प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट घ्यायचं तेव्हा ठरलं, आणि तो आपल्या हाताने बसवायचा हेही.

नवा लावायच्या आधी जुना कसा चालतो ते मी उघडून पाहिलं. हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. वरचं झाकण नुसतं ओढलं की निघतं. आत गुंडाळलेली एक पातळ पट्टी असते. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून ती केलेली असते. ऊब लागली की एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि पट्टीचा पीळ बदलतो. पट्टीच्या टोकावर काचेची छोटी कुपी, कुपीत पाऱ्याचा टपोरा थेंब आणि आत शिरलेल्या तारा. खोली गार झाली की कुपी एका बाजूला कलते, पारा तारांवर येऊन सर्किट जोडतो आणि फर्नेसला निरोप जातो. फर्नेस चालू असताना मी पट्टीवर तोंडाने हलकेच ऊन श्वास सोडला. कुपी जराशी कलली, थेंब घरंगळत दुसऱ्या टोकाला गेला, आणि क्षणभराने खालचा जाळ थांबल्याचं आवाजावरून कळलं.

एवढं पाहिल्यावर एक गोष्ट कायमची लक्षात राहते. थर्मोस्टॅट म्हणजे एक खटका आहे. साध्या फर्नेसला तो 'पेट' आणि 'थांब' एवढंच सांगू शकतो, 'जोरात पेट' असं सांगू शकत नाही. त्यामुळे थंडी वाजते म्हणून आकडा २० वरून २६ वर नेला तर घर लवकर तापत नाही. तापतं त्याच वेगाने, फक्त २० ला थांबायचं ते पुढे तापतच राहतं. हा गैरसमज आमच्याकडेही होता. तो पारा सगळ्यांना दाखवला आणि त्यानंतर कोणी चकती शेवटपर्यंत फिरवली नाही.

तो गोल नमुना हनीवेल कंपनीने १९५३ साली बाजारात आणला होता. हेन्री ड्रायफस यांचं ते डिझाइन. कुठलीही पुस्तिका न वाचता लहान मूलसुद्धा ते वापरू शकतं. नव्या यंत्रांची खरी अडचण नेमकी इथेच आहे, आणि ती सरकारदरबारीही नोंदली गेली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटना दिला जाणारा ऊर्जाबचतीचा 'एनर्जी स्टार' शिक्का २००९ च्या अखेरीस काढून घेतला. कारण यंत्रं घरोघरी गेली, पण अपेक्षित बचत भरवशाने दिसेना. बटणं आणि पडदा किचकट, म्हणून कित्येक जण वेळापत्रक न भरता एकच आकडा कायमचा धरून ठेवायचे. हे वाचलं तेव्हाच मनाशी ठरवलं की बसवण्यापेक्षा जास्त वेळ वेळापत्रकाला द्यायचा.

पण आधी बसवणं.

खरेदीच्या आधी तपासायची गोष्ट म्हणजे भिंतीतून येणाऱ्या वायर. बारीक, रंगीत, चार-पाच जणींचा जुडगा असेल तर ती बहुधा २४ व्होल्टची प्रणाली असते. फर्नेसमधला ट्रान्सफॉर्मर घरातल्या विजेचे २४ व्होल्ट करतो आणि तेवढेच भिंतीपर्यंत येतात. पण भिंतीतून दोन किंवा चार जाड वायर येत असतील आणि त्या टोप्यांनी जोडलेल्या असतील, तर तिथे घरातली पूर्ण वीज खेळते आहे असं समजायचं. खोलीतल्या विजेच्या हीटरना असा थर्मोस्टॅट असतो. त्या जागी २४ व्होल्टचं यंत्र लावणं धोक्याचं आहे. त्यासाठी वेगळं यंत्र मिळतं, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं. काही गॅस शेगोट्या तर आत सतत तेवणाऱ्या छोट्या पायलट ज्योतीच्या उष्णतेवर तयार होणाऱ्या काही शे मिलिव्होल्टवर चालतात. तिथेही कुठलंही यंत्र चालत नाही. आमच्या वायर बारीक होत्या, तेव्हा पुढे जायला हरकत नव्हती.

ब्रेकर बंद केला. फर्नेसजवळचा खटकाही बंद केला. चकती वर करून फर्नेस पेटत नाही याची खात्री केली. २४ व्होल्टने माणसाला झटका बसत नाही, पण आर (वीज आणणारी) आणि सी (परतीची) या वायर एकमेकींना चुकून टेकल्या तर फर्नेसच्या बोर्डवरचा फ्यूज उडतो, किंवा बोर्डवर फ्यूज नसेल तर ट्रान्सफॉर्मरच जळतो. वीज बंद ठेवायची ती मुख्यतः यासाठी.

मग फोटो काढले, जवळून आणि लांबून. प्रत्येक वायरला कागदी चिकटपट्टीची चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर वायरचा रंग लिहायचा नाही, ती ज्या स्क्रूखाली होती त्या टर्मिनलचं अक्षर लिहायचं. आर म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारी वीज, डब्ल्यू म्हणजे गरम करण्याचा निरोप, जी म्हणजे पंखा, वाय म्हणजे थंड करणारं यंत्र, आणि सी म्हणजे परतीची वायर. रिवाजाने यांना लाल, पांढरा, हिरवा, पिवळा आणि सी ला निळा किंवा काळा असे रंग असतात, पण वायर ओढणाऱ्याने हाताशी असलेली वापरलेली असू शकते. आमच्याकडे जी वर हिरवीऐवजी काळी होती. रंगावर विसंबून जोडणी केली असती तर ती सी समजली गेली असती.

वायर सोडवल्यावर त्या भिंतीत घसरू नयेत म्हणून जुडगा एका पेन्सिलीला गुंडाळून चिकटपट्टीने धरून ठेवला. थर्मोस्टॅटमागची जुनी पाटी काढली तेव्हा आणखी एक लाभ झाला: केबलच्या वेष्टणाला वळसा घालून ठेवलेली एक निळी वायर, कुठेच न जोडलेली. नव्या यंत्राच्या पडद्याला, घड्याळाला सतत थोडी वीज लागते. ती बॅटरीतूनही मिळते, पण सी वायर असेल तर बॅटरी मध्यरात्री संपण्याची काळजी उरत नाही. निळीचं दुसरं टोक शोधायला तळघरात गेले. फर्नेसचं दार काढल्यावर बोर्डवर तीच अक्षरं ओळीने छापलेली दिसली, आणि निळी वायर तिथेही कोपऱ्यात गुंडाळलेली सापडली. तिचं टोक सोलून सी च्या स्क्रूखाली घट्ट केलं. या एका वायरने पुढची बरीच कटकट वाचवली. तुमच्या भिंतीत अशी जास्तीची वायर असेल तर ती वापराच.

आता ज्या गोष्टीकडे पुस्तिकेत एका ओळीपलीकडे लक्ष दिलेलं नव्हतं, ती सांगते. वायर जिथून बाहेर येतात ते भोक. जुनी पाटी काढल्यावर मी तिथे तळहात धरला तर गार वाऱ्याची बारीक धार लागत होती. भिंत पोकळ असते, आत वरून-खालून हवा फिरते, आणि ती या भोकातून थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर येते. म्हणजे खोली २० वर असली तरी सेन्सरला १८ वाटू शकतं, आणि फर्नेस उगाच चालत राहते. मी ते भोक वायरभोवती पुट्टी दाबून बुजवलं. पुन्हा हात धरला, वारा नव्हता. पाच मिनिटांचं काम, पण नंतर कितीही बटणं दाबली तरी जे सुधारलं नसतं ते इथे सुधारलं.

जागेचा विचारही तेव्हाच करायचा असतो. थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर हवा. त्याच्यावर ऊन येऊ नये, गरम हवेच्या जाळीचा झोत येऊ नये, शेजारी दिवा किंवा टीव्ही नसावा, बाहेरचं दार उघडलं की वारा लागू नये. आमची जागा ठीक होती. फक्त खालच्या कपाटावर ठेवलेला टेबललॅम्प मी दुसरीकडे हलवला.

पाटी बसवणं सोपं. जुन्या यंत्राला पाणसळ लावून अगदी सरळ बसवावं लागायचं, कारण पाऱ्याची कुपी तिरकी झाली की तापमानच चुकायचं. नव्यात पारा नाही, म्हणून पाणसळ केवळ दिसायला नीट असावं एवढ्यासाठी. चिठ्ठ्या बघून वायर एकेका टर्मिनलमध्ये सरकवल्या, स्क्रू आवळले आणि प्रत्येक वायर हळूच ओढून पाहिली.

फर्नेसचं दार परत लावलं, कारण दाराच्या आत एक सुरक्षेचा खटका असतो आणि दार नीट बसल्याशिवाय काहीच चालू होत नाही. मग वीज सुरू केली. भिंतीवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आर आणि सी मध्ये मोजलं: २६ च्या आसपास. नावाला २४ असले तरी थोडे जास्तच दाखवतात, त्यात काही वावगं नाही. पडदा उजळला. नवऱ्याला वर थांबवून मी खाली गेले आणि "वाढव आता" म्हणून हाक मारली. आधी धूर ओढणारा छोटा पंखा घरघरला. काही सेकंदांनी झरोक्यातून दिसणारा, गॅस पेटवणारा इग्नायटर लालबुंद झाला, गॅसचा व्हॉल्व्ह टिक्क वाजला आणि निळ्या ज्योती एका ओळीत धरल्या. मोठा पंखा लगेच सुरू होत नाही. आतला धातू तापेपर्यंत तो थांबतो, नाहीतर घरात आधी गार हवाच फेकली जाईल. तो सुरू झाला तेव्हा वरून आवाज आला, "आली, ऊब आली!"

यानंतर बहुतेक जण झाकण लावून मोकळे होतात. पण आत एक लपलेली यादी असते, बसवणाऱ्यासाठी. दोन बटणं काही सेकंद एकत्र दाबून धरली की ती उघडते, आणि आकड्यांच्या क्रमाने प्रश्न येतात. त्यातले तीन महत्त्वाचे.

पहिला, यंत्रणेचा प्रकार: गॅस की वीज. गॅसच्या फर्नेसमध्ये पंखा कधी फिरवायचा हे फर्नेस स्वतः ठरवते, तर विजेच्या फर्नेसमध्ये ते थर्मोस्टॅट ठरवतो. हे उलटं भरलं तर पंखा भलत्या वेळी फिरतो.

दुसरा, तासाला किती वेळा पेटायचं. जुन्या यंत्रात या जागी एक इवलासा रेझिस्टर होता. तो पट्टीला किंचित ऊब देऊन फर्नेस जरा आधीच थांबवायचा, म्हणजे उरलेली धग बाहेर येऊन तापमान ठरल्यापेक्षा वर जाऊ नये. नव्यात तेच काम एका आकड्याने होतं. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे साध्या गॅस फर्नेसला ५, जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसला किंवा गरम पाण्याच्या रेडिएटरना ३, वाफेच्या प्रणालीला १ आणि विजेच्या फर्नेसला ९. कारखान्यातून येताना ५ असतो. आमची फर्नेस ९० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेची आहे, तेव्हा मी ३ केला. फरक कानाला कळतो. सारखं पेटणं-विझणं थांबून फर्नेस जरा जास्त वेळ चालते आणि मग निवांत थांबते.

तिसरा, आधीच सुरू होण्याची सोय. घोळ सगळ्यांत जास्त इथेच होतो. ही सोय चालू असेल तर तुम्ही भरलेली वेळ म्हणजे 'घर या वेळेपर्यंत तापलेलं हवं'. बंद असेल तर तीच वेळ म्हणजे 'या वेळेला पेटायला सुरुवात कर'. सहा वाजताची ऊब हवी असलेल्या माणसाला या दोन्हींत मोठा फरक पडतो. ही सोय काही दिवस घराचा वेग पाहून शिकत जाते, म्हणून सुरुवातीला ऊब थोडी लवकर किंवा उशिरा आली तर लगेच आकडे बदलू नयेत.

आणि आता वेळापत्रक. यंत्र चार टप्पे विचारतं: उठणं, बाहेर जाणं, परत येणं, झोपणं. आयते भरलेले आकडे कुठल्यातरी कल्पित कुटुंबाचे असतात, ज्यात सगळे एकाच वेळी उठतात आणि दिवसभर घरात कोणी नसतं. आमच्याकडे सासूबाई पहाटे उठतात आणि नवरा आठवड्यातले काही दिवस घरून काम करतो. म्हणून मी आकडे भरायच्या आधी दोन याद्या केल्या. कोण कधी कुठे असतं, ही एक. दुसरी घराची: रात्री फर्नेस बंद ठेवली तर घर किती वेगाने गार होतं आणि पेटवल्यावर किती वेगाने चढतं. कागद-पेन्सिल घेऊन तासातासाला आकडा लिहिला. बाहेर शून्याच्या आसपास असताना आमचं घर तासाला अर्धा ते पाऊण अंश उतरत होतं आणि चढताना तासाला साधारण दोन अंश चढत होतं. या दोन आकड्यांनी सगळं उलगडलं. रात्रभरात घर फार तर चार-पाच अंश उतरणार, आणि ते भरून काढायला दोन-अडीच तास लागणार. दुपारी कोणी तासभर बाहेर गेलं म्हणून तापमान उतरवण्यात अर्थ नाही, तेवढ्यात घर उतरतच नाही.

नवऱ्याची शंका रास्त होती. "रात्री गार होऊ द्यायचं आणि सकाळी पुन्हा तापवायचं, यात उलट जास्त गॅस नाही का जाणार?" नाही जात. घरातून बाहेर निसटणारी उष्णता आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. बाहेर शून्य आणि आत २० असेल तर फरक २०. आत १६ असेल तर फरक १६, म्हणजे गळती एक पंचमांशाने कमी. सकाळी घर चढवायला जी उष्णता लागते, तेवढीच उष्णता रात्री घर उतरत असताना आपण पुरवलेली नसते. तो हिशेब फिटतो. मधल्या तासांत कमी गळलं ते निव्वळ वाचलं. दिवसातले आठ तास तापमान साधारण ४ ते ५.५ अंशांनी खाली ठेवलं तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. मात्र ज्यांच्याकडे हीट पंप (बाहेरची उष्णता आत ओढून घर तापवणारं यंत्र) आहे त्यांनी हे जसंच्या तसं करू नये. मोठी चढण आली की त्यात मदतीला विजेची कॉइल लागते आणि रात्रीची बचत सकाळी जळते. फरशीखालून तापणाऱ्या घरांतही मोठा उतार उपयोगाचा नाही, ती फरशी चढायला आणि उतरायला फारच वेळ घेते.

रात्री किती खाली जायचं यावर घरात चर्चा झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश सुरक्षित धरले आहेत, आणि वयस्कर किंवा आजारी माणसांना त्याहून जास्त लागू शकतात. घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असताना १६ चा हट्ट धरण्यात मला शहाणपण वाटलं नाही. आम्ही रात्री १८ ठेवले. बचत थोडी कमी होईल, होऊ दे. सकाळी साडेपाचला २० हवेत असं भरलं. घरून काम असतं त्या दिवशी २० च, बाकी दिवशी दुपारी १८. आमचं यंत्र सातही दिवस वेगळे भरू देतं म्हणून हे जमलं. काही यंत्रं सोमवार ते शुक्रवार एक आणि शनिवार-रविवार एक एवढंच देतात. घेतानाच हे पाहून घ्यावं.

आठवड्याभरात सासूबाईंनी आपणहून सांगितलं, "आता उठल्या उठल्या शाल शोधावी लागत नाही." त्यांना मी दोनच बटणं दाखवली आहेत. बाणाने आकडा एक-दोन अंश वर करायचा. तो बदल पुढच्या टप्प्यापर्यंतच टिकतो आणि मग वेळापत्रक आपोआप परत येतं. 'होल्ड' नावाचं तिसरं बटण दाबलं तर तोच आकडा कायमचा धरला जातो आणि वेळापत्रक बाजूला पडतं. त्या बटणाला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. ते फक्त गावाला जाताना वापरायचं, तेही १३ च्या खाली नाही, नाहीतर नळ गोठून फुटायची भीती. सी वायर असली तरी बॅटऱ्या आत ठेवल्या आहेत आणि दर हिवाळ्याच्या सुरुवातीला त्या बदलायच्या असं ठरवलं आहे.

जुना थर्मोस्टॅट कचऱ्यात टाकायचा नसतो. कुपी फुटली तर पारा जमिनीच्या फटींत जातो आणि त्याची वाफ श्वासातून शरीरात शिरते. मी तो उभाच, न हलवता, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला, वर 'पारा आहे' असं लिहिलं आणि घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर दिला.

एक गोष्ट मात्र या यंत्राने सुटलेली नाही. ते जिथे टांगलं आहे तिथलंच तापमान त्याला कळतं. वरच्या मजल्यावरची मागची खोली अजून दिवाणखान्यापेक्षा दीड-दोन अंशांनी गार असते. सध्या तिथे एक साधा थर्मामीटर ठेवला आहे आणि खालच्या जाळ्या थोड्या थोड्या बंद करून पाहते आहे, की जास्त हवा वर चढावी. फार बंद केल्या तर फर्नेसमधला हवेचा प्रवाह कमी होऊन ती अति तापते, म्हणून एका वेळी एकच जाळी, तीही पावपट. नोंदी त्याच कागदावर चालू आहेत.